आयब्रो ४० रुपयांची, गिऱ्हाईक वर्षाचं



पार्लर टाकायचं ठरवलेल्या ताईंचा मला नेहमीचा प्रश्न असतो: "आयब्रोचे चाळीस रुपये मिळतात, त्यात धंदा कसा उभा राहणार?" आजचा धडा त्यावरच. बीड असो, माजलगाव असो की केज, नव्या पार्लरमध्ये पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आयब्रोलाच येतं. ते परत येतं की नाही, यावर बाकीचा धंदा ठरतो.

आधी हिशोब मांडू

आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. गाळ्याचं भाडं, लाइट, पाणी, मोबाइल मिळून महिन्याचा खर्च ६,००० रुपये धरा. आयब्रोचा रेट ४०. त्यातून दोरा, पावडर, टिश्यू, जेलचे ५ रुपये गेले, उरले ३५. आता ६,००० भागिले ३५, म्हणजे १७२ आयब्रो. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज सात जणी आल्या पाहिजेत. आणि एवढं करून फक्त खर्च निघाला, तुमची मजुरी शून्य!

मग आयब्रो बंद करायची का? अजिबात नाही. एक ताई दर २५ दिवसांनी आली तर वर्षात १४ वेळा येते. १४ गुणिले ४० म्हणजे ५६० रुपये. हीच ताई सणाला फेशियल करते, भावाच्या लग्नात साइडर मेकअप करते आणि पुतणीचं लग्न ठरलं की नवरीला तुमच्याकडे घेऊन येते. आयब्रो हे दुकानाचं दार आहे. कमाई आत आहे, पण दारातून आलं तरच.

दोरा हातात घेण्याआधी विचारा

माझ्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात पार्लरवाल्या ताई माल घ्यायला येतात. गिऱ्हाईक का तुटलं यावर गप्पा निघाल्या की कारण बहुतेक वेळा एकच निघतं: तिला जाड हवी होती, हिनं बारीक केली. हात चांगला होता, विचारलं नव्हतं.

खुर्चीत बसल्यावर चार प्रश्न विचारा:

- मागच्या वेळी कधी केली, आणि त्यात काय आवडलं नाही?
- नुसती साफ करायची की आकार द्यायचा?
- केलेली दिसावी की कुणाला कळू नये?
- चेहऱ्याला सध्या कोणती क्रीम किंवा औषध चालू आहे?

तिसऱ्या प्रश्नाला हसू नका. कॉलेजच्या मुलीला आकार उठून दिसायला हवा असतो. गावाकडून आलेली सून म्हणते, "ताई, घरी कळू नये एवढीच करा." ही सुद्धा ऑर्डरच आहे, आणि ती नीट पार पाडणारी पार्लरवाली तिला मिळाली तर ती दुसरीकडे जात नाही. तिच्या आयब्रोला खालचे सुटे केस तेवढे काढायचे, वरच्या रेषेला हात लावायचा नाही.

चौथा प्रश्न सुरक्षेचा. मुरमांची काही औषधं आणि स्टेरॉइडच्या क्रीम्स यांनी कातडी नाजूक होते. अशा चेहऱ्यावर वॅक्स नको. थ्रेडिंग सुद्धा डॉक्टरांना विचारूनच करा.

आकारासाठी पेन्सिल वापरा. नाकपुडीच्या कडेपासून पेन्सिल सरळ वर धरली की जिथं येते, तिथं भुवईची सुरुवात. तिथूनच बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरपी धरली की कमान. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून धरली की शेवट. खुणा करा, आरसा दाखवा, "चालेल का?" विचारा, मगच दोरा चालवा. पहिल्या वेळी कमीच काढा. आणखी काढता येतं, काढलेला केस चिकटवता येत नाही. भुवई पुन्हा नीट भरायला दोन-तीन महिने सुद्धा लागतात, आणि तेवढे दिवस ती रोज आरशात तुमचं काम बघते.

प्रत्येक ताईला नवा दोरा. दोरा दातात न धरता मानेत अडकवायची सवय लावा. मोड, जखम, पिकलेली पुटकुळी असेल तर त्या दिवशी काम करू नका. ४० रुपये गेले तरी चालतील.

मेकअप: "मला गोरी करा"

हे वाक्य तुम्हाला ऐकावंच लागणार. नवी मुलगी घाबरून दोन शेड उजळ बेस लावते. मग फोटोत चेहरा राखाडी आणि मान वेगळी दिसते. बेस जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात लावून बघा. कातडीत मिसळून दिसेनासा होतो, ती तिची शेड. तिला आरशात दोन्ही शेड शेजारी शेजारी दाखवा. बहुतेक जणी स्वतःच योग्य ती निवडतात.

लग्न कुठं आणि किती वाजता आहे तेही विचारा. मे महिन्यातला दुपारचा मुहूर्त, वर कापडी मंडप, पारा चाळिशीच्या वर. तिथं जाड थर घामानं सरकणारच. पातळ बेस, वॉटरप्रूफ काजळ आणि जवळ टिपकागद. नवरीची ट्रायल आठवडाभर आधी घ्या. आदल्या दिवशी नवं फेशियल किंवा ब्लीच करू नका, वर हळद लागली की चेहरा चुरचुरतो.

एका ठिकाणी मात्र "नाही" म्हणायला शिका. लेबल नसलेली, डबीत भरलेली गोरेपणाची क्रीम ठेवू नका, कितीही मार्जिन असू द्या. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना इजा झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. त्या ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम वापरत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा निघाला. माल घेताना उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना नंबर, बॅच नंबर, एक्स्पायरी बघा आणि पक्कं बिल घ्या.

टिकली लावू का?

नवरा वारलेल्या ताई आपल्याकडे येतात, काही दारातूनच परत फिरतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग राज्य सरकारनं परिपत्रक काढून तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. आपल्या दुकानात त्यासाठी ठराव लागत नाही. "तुम्हाला कशाला आयब्रो?" हे मदतनीस मुलीच्या तोंडून सुद्धा निघता कामा नये. टिकलीचं पाकीट सगळ्यांसमोर ठेवा. लावायची की नाही, ते जिचं कपाळ आहे ती ठरवेल.

सीझन आणि कागदपत्रं

पंचमीला लेकी माहेरी येतात, मग महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी. त्यानंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. खेड्याजवळ दुकान असेल तर हे महिने मंदीचे. संक्रांतीचं हळदी-कुंकू तेवढा आधार देतं. दिवाळीच्या कमाईतून तीन महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. पण अर्ज करण्याआधी वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडा, हप्ता खर्चात धरून.

गृहपाठ

एक वही घ्या. प्रत्येक गिऱ्हाईकासमोर चार गोष्टी लिहा: नाव, तारीख, आकार कसा हवा होता, त्वचेची काही तक्रार. पुढच्या वेळी ती खुर्चीत बसली की म्हणा, "ताई, मागच्यासारखीच, वरून हात न लावता?" तिचा चेहरा बघा. महिनाअखेर परत आलेल्या किती ते मोजा. नवीन किती आल्या यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

पुढच्या धड्यात ब्रायडल पॅकेजचा रेट कसा काढायचा ते बघू. तोवर वही सुरू करा!