फोर व्हील : कायमची की गरजेपुरती?



जुलै महिन्यात भाताची लावणी ऐन भरात असते. त्या दिवसांत काळ नदीकाठच्या बिरवाडीपासून वरंधपर्यंत, तसेच पोलादपूरच्या डोंगरउतारावरील वाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते लाल चिखलाने भरून जातात. खताची पोती, रोपांच्या मुठी, माणसे असे सर्व काही शेताच्या बांधापर्यंत न्यायचे असते. साधी गाडी अशा वेळी उपयोगी पडत नाही. त्यामुळे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, म्हणजे आपण ज्याला ‘फोर व्हील’ किंवा ‘फोर बाय फोर’ म्हणतो तशी गाडी घेण्याकडे बागायतदारांचा कल असतो. नवी गाडी परवडत नाही, म्हणून पुण्या-मुंबईकडून जुनी आणली जाते आणि मग तिच्यात फेरफार करण्याचा विचार सुरू होतो.

बिरवाडी परिसरातील एका आंबा बागायतदारांनी अशीच एक जुनी गाडी घेतली. ती कायम फोर व्हीलमध्ये चालणारी होती. डिझेल जास्त लागते अशी त्यांची तक्रार होती. एका गॅरेजने पुढच्या दोन्ही चाकांना सुटे होणारे हब बसवून दिले आणि ‘आता ही पाहिजे तेव्हा टू व्हील, पाहिजे तेव्हा फोर व्हील’ असे सांगितले. त्या दिवशी संध्याकाळी खळ्याच्या उतारावर पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली गाडी आंब्याच्या पेट्यांसह घरंगळत जाऊन जांभ्याच्या गडग्याला धडकली. हँडब्रेक सैल होता हे खरे, पण एवढी वर्षे गिअरवर उभी राहणारी गाडी त्याच दिवशी का सुटली, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. खळ्यावर त्या वेळी मुले नव्हती हे नशीब. या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले तर पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

वळणावर चाकांचे काय होते?

चिखलातून गाडी वळवून नंतर मागे वळून पाहावे. मागच्या चाकांचा माग पुढच्या चाकांच्या मागाच्या आत पडलेला दिसेल. बैलगाडी चालविणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. याचा अर्थ असा की वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात व त्यांना जास्त अंतर काटावे लागते. समजा, पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.४ मीटर आहे आणि मागच्या धुरेचा मध्य ५ मीटर त्रिज्येने फिरतो आहे. एका पूर्ण फेऱ्यात मागची धुरा सुमारे ३१.४ मीटर जाईल, तर पुढची सुमारे ३४.८ मीटर. म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटरचा फरक झाला.

पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेला असेल तर दोन्हींना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मग हा साडेतीन मीटरचा फरक जायचा कोठे? चिखलात टायर थोडा घसरतो व फरक निघून जातो. डांबरावर टायर घसरत नाही. तेव्हा सुंभाला पीळ भरावा तसा शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दात्यांमध्ये पीळ भरत जातो. स्टेअरिंग जड होते, टायर करकरतात आणि फोर व्हीलचा दांडा बाहेर निघत नाही. अशा वेळी दांड्याशी झटापट करू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, म्हणजे पीळ उतरतो व दांडा सुटतो.

गरजेपुरत्या फोर व्हीलची रचना अशी असते. महिंद्राची जुनी जीप, थार, बोलेरो कॅम्परचा फोर व्हील प्रकार आणि १९८५ साली आलेली मारुती जिप्सी ही याची आपल्याकडील उदाहरणे. दांड्यावर किंवा बटणावर ‘टू-एच’ अशी खूण असते. डांबरावर टू-एच, चिखलात फोर-एच आणि रुतलेल्या जागी किंवा खड्या चढावर फोर-एल असा तिचा वापर करावा.

कायम फोर व्हीलमध्ये मात्र पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये आणखी एक, म्हणजे तिसरे डिफरन्शियल असते. लँड रोव्हर डिफेंडर किंवा लँड क्रूझर प्राडो या गाड्यांत ते आहे. वळणावर पुढची चाके जास्त फिरली तरी हे मधले डिफरन्शियल फरक सांभाळून घेते. त्यामुळे अशी गाडी ओल्या डांबरावरही चारही चाकांच्या ताकदीने, पीळ न भरता चालते. दांड्यावर टू-एच नसून मधले डिफरन्शियल ‘लॉक’ करण्याची सोय असेल तर आपली गाडी या जातीची समजावी.

आता खळ्यावरील गाडीकडे परत येऊ. डिफरन्शियलचा स्वभाव असा, की दोन बाजूंपैकी जी मोकळी असेल तिकडे सगळे फिरणे निघून जाते. पुढचे हब सुटे केल्याबरोबर पुढची बाजू पूर्ण मोकळी झाली. मधले डिफरन्शियल लॉक केलेले नव्हते. मागची चाके उताराने फिरू लागली तेव्हा ते फिरणे इंजिनापर्यंत न पोहोचता पुढच्या मोकळ्या शाफ्टमध्ये गेले. थोडक्यात, गिअर टाकलेला असून नसल्यासारखा होता. याच कारणाने अशी गाडी लॉक न करता चालू केली तर इंजिन फिरते, पुढचा शाफ्ट गरगरतो, पण गाडी जागची हलत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ‘पार्क’वर ठेवूनही असेच होऊ शकते. केवळ हब बसविणे हा अर्धा बदल आहे आणि तो मुळीच करू नये.

पुरा बदल म्हणजे काय?

हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली निघालेली पहिली लँड रोव्हर कायम फोर व्हील प्रकारची होती. तिच्यात मधले डिफरन्शियल नव्हते, पुढच्या बाजूला सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना होती. १९५० साली कंपनीनेच ती काढून पुढची चाके हवी तेव्हा जोडण्याची सोय केली. अमेरिकेत १९७३ च्या सुमारास अनेक जीप व ट्रक कायम फोर व्हीलमध्ये आले. त्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि लोक इंधनाच्या बचतीसाठी ते गरजेपुरते करून घेऊ लागले. त्यासाठी सुट्या भागांचे तयार संच विकले जात. आपल्या गॅरेजमधील कल्पना मूळची तिकडची आहे.

पुऱ्या बदलात दोन कामे होतात. पहिले, ट्रान्सफर केस उघडून मधल्या डिफरन्शियलचे आतील दाते काढावे लागतात व त्या जागी भरीव जोड बसवावा लागतो. त्यामुळे इंजिनाची ताकद थेट मागे जाते आणि पुढचा शाफ्ट दांड्याने जोडता किंवा सोडता येतो. दुसरे, पुढच्या चाकांना सुटे हब बसवावे लागतात. हब नसतील तर चाकांबरोबर पुढचे अ‍ॅक्सल, क्राउन व शाफ्ट उगाच फिरत राहतात आणि ज्या बचतीसाठी खटाटोप केला तीच हाती लागत नाही. काही ठिकाणी पुढचा शाफ्ट नुसता काढून ठेवतात. तसे केल्यास मधले डिफरन्शियल कायम लॉक ठेवावे लागते, आणि चिखलात गरज पडते तेव्हा शाफ्ट घरी असतो.

या बदलात काय गमावतो ते नीट ध्यानात घ्यावे. पूर्वी दोन धुरांत वाटला जाणारा भार डांबरावर आता एकट्या मागच्या धुरेवर येतो. मधले डिफरन्शियल गेल्यामुळे फोर व्हील डांबरावर वापरता येत नाही. वरंध घाटात किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात रस्ता सतत ओला, वळणे आवळ आणि मध्येच दरडीची माती पसरलेली. अशा मिश्र रस्त्यावर कायम फोर व्हीलचा खरा फायदा असतो, आणि नेमका तोच आपण पैसे देऊन घालवतो. शिवाय चिखल लागण्यापूर्वी पावसात उतरून हब फिरविणे आले. माणूस ते टाळतो, गाडी रुतल्यावर उतरतो, तोवर चाकाने जागेवर फिरून रस्त्याची चिखलणी केलेली असते. भाताच्या खाचरात आपण हीच क्रिया मुद्दाम करतो, रस्त्यावर ती नको असते. म्हणून फोर व्हील चिखलात शिरण्यापूर्वी जोडावी, नंतर नव्हे.

ज्या नव्या गाड्यांत कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची हे संगणक ठरवतो, त्यांच्या बाबतीत हा विचारच करू नये. ब्रेक आणि घसरण रोखणारी यंत्रणा चारही चाकांच्या वेगाच्या नोंदीवर चालते.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. म्हणून ट्रान्सफर केस उघडण्यापूर्वी पेण येथील परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. तोंडी होकारावर अवलंबून राहू नये.

आधी टायर पाहा

‘डिझेल खाते, गुरगुरते, ओढते’ अशा तक्रारींत गाडी कायम फोर व्हील आहे हे कारण असेलच असे नाही. पुष्कळदा दोष टायरचा असतो. पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत झालेले किंवा रिमोल्ड केलेले, ही आपल्याकडील नेहमीची काटकसर. टायरचा घेर २.२० मीटर असेल तर एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे होतात. झिजलेल्या टायरची त्रिज्या फक्त १ सेंटिमीटरने कमी असली तरी प्रत्येक फेऱ्याला ६.३ सेंटिमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे २९ मीटर फरक पडतो. सरळ रस्त्यावरसुद्धा मधले डिफरन्शियल हा फरक पचवीत राहते आणि झिजते. तेव्हा चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे ठेवावेत व हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे भरावी. त्यानंतर दोन टाक्या डिझेल जाळून सरासरी मोजावी. तोपर्यंत गॅरेजकडे जाऊ नये, असे मला वाटते.

मग हिशेब मांडावा. समजा, महिन्याला ८०० किलोमीटर धाव आहे आणि लिटरला १० किलोमीटर पडतात. म्हणजे ८० लिटर डिझेल लागते. बदलामुळे ५ टक्के बचत होईल असे मानले तर महिन्याला ४ लिटर वाचतील. त्याला आजच्या दराने गुणावे आणि गॅरेजने सांगितलेल्या खर्चाला त्या रकमेने भागावे. किती महिन्यांत पैसे फिटतात ते दिसेल. जुन्या गाडीचे उरलेले आयुष्य त्यापेक्षा कमी निघाले तर विषय तेथेच संपतो. मधले डिफरन्शियल आधीच मोडले आहे, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि गाडी मुख्यतः सपाट रस्त्यावर चालते, एवढ्या परिस्थितीतच पुरा बदल मला पटतो.

ट्रॅक्टरबाबत

फोर व्हील ट्रॅक्टर सामान्यतः गरजेपुरत्या प्रकारचेच असतात, पण काही जण दांडा वर्षभर जोडलेलाच ठेवतात. ट्रॅक्टरची पुढची चाके लहान असतात व जोडल्यावर ती जमिनीवर मागच्यापेक्षा किंचित पुढे ओढतील अशी योजना असते. ही आघाडी साधारण १ ते ५ टक्के असावी. ती घरी मोजता येते. टणक सपाट शेतात, औजार न लावता, टायरवर खडूने खूण करावी. दांडा सोडून मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत, मग दांडा जोडून पुन्हा मोजावेत. पहिल्या वेळी १५ आणि दुसऱ्या वेळी साडेपंधरा फेरे आले तर आघाडी ३.३ टक्के झाली. ती शून्याखाली किंवा ५ च्या बरीच वर गेली तर टायरच्या मापात चूक आहे. रस्त्यावर दांडा सोडावा. याला एक अपवाद आहे. पुष्कळ ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागे असतात आणि दांडा जोडला की पुढची चाकेही वेग रोखण्यास मदत करतात. म्हणून भरलेली ट्रॉली घेऊन निसरडा उतार उतरताना, वरून निघतानाच दांडा जोडून लहान गिअरमध्ये उतरावे.

हबची निगा

ज्यांच्या गाडीला पहिल्यापासून सुटे हब आहेत त्यांनी दोन्ही हब नेहमी एकाच स्थितीत ठेवावेत. एक जोडलेला व एक सुटा असे कधीही चालवू नये. दर महिन्याला निदान १५ किलोमीटर हब जोडून, मात्र दांडा टू-एच मध्ये ठेवून गाडी चालवावी. त्यामुळे पुढच्या क्राउनमधील तेल सर्व दात्यांना लागते, आणि पुढचा शाफ्ट जोडलेला नसल्याने डांबरावर पीळही भरत नाही. ओढ्यातून किंवा खाचरातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी तेलाची तपासणी करावी. तेलाला दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर आत पाणी शिरले आहे असे समजून ते ताबडतोब बदलावे. हबची झाकणे मे महिन्यातच उघडून जुने ग्रीस पुसून काढावे, सील पाहावे आणि नवे ग्रीस बेताने भरावे. ग्रीस ठासून भरल्यास हब जोडताना अडतो. लाल माती झिरपून हब एकदा घट्ट बसला की तो पक्कडीने फिरविण्याच्या नादात वरची कळ तुटते. अशा वेळी हब खोलून रॉकेलने किंवा डिझेलने धुवावा.