वरातीतला बॅण्ड आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा

उरणपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या लग्नातला बॅण्ड तुम्ही ऐकलाच असेल. ट्रंपेट, क्लॅरिओनेट आणि ढोल सुरू झाले की पावले आपोआप ठेका धरतात. हीच वाद्ये मुंबईच्या सभागृहात, काळ्या पोशाखातील वादकांच्या हाती, सिंफनी ऑर्केस्ट्रातही दिसतात. पाश्चात्त्य वाद्यवृंद ही आपल्याला अगदी परकी गोष्ट नाही. तिचे काही नातेवाईक आपल्या दारातच आहेत. त्यांची ओळख करून घेऊ.

ही वाद्ये येथे कशी आली?

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा येथे ठाणे वसवले. १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. पण पोर्तुगीजांची एक खूण अजून टिकून आहे. कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिकडे गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. पुढे इंग्रजांच्या लष्करी बॅण्डमुळे ट्रंपेट-क्लॅरिओनेट गावोगावच्या वरातींत पोहोचले.

स्वरलिपी वाचणारे अनेक गोमंतकीय वादक मुंबईत आले. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने होते. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरले की हे सभागृह फार दूर नाही.

वाद्यांची चार घराणी

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात ८० ते १०० वादक असतात. त्यांचे चार गट पडतात : तंतुवाद्ये, काष्ठ-सुषिर वाद्ये, पितळी सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये. निम्म्याहून अधिक वादक तंतुवाद्यांचे असतात. असे का? एका ट्रंपेटपुढे एक व्हायोलिन ऐकूही येणार नाही. शिवाय दहा व्हायोलिने एकत्र वाजली तरी आवाज दहापट मोठा वाटत नाही. आपल्या कानाला तो सुमारे दुप्पटच भासतो. म्हणून व्हायोलिनवाले इतके लागतात.

आता कोकणातला खालूबाजा आठवा. त्यात सनई असते, ढोल असतो, टिमकी असते. सनईच्या तोंडाशी दोन पातळ पात्या असतात. फुंकर मारली की त्या थरथरतात आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. ऑर्केस्ट्रातील ओबो हे वाद्य याच तत्त्वावर चालते. ओबो म्हणजे सनईचा युरोपीय भाऊच. मैफलीपूर्वी सगळे वादक त्याच्याच एका स्वराशी आपली वाद्ये जुळवतात. त्या स्वराची कंप्रता बहुधा सेकंदाला ४४० कंपने इतकी धरतात.

तीन कळांचे कोडे

बिगूल नीट ऐका. त्यातून मोजकेच स्वर निघतात. ठरावीक लांबीच्या नळीतील हवा मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतच कंप पावते. दुप्पट कंप्रतेच्या स्वराला ‘सा’ म्हटले, तर तिप्पट कंप्रतेचा स्वर ‘प’ होतो. मधले स्वर बिगुलातून मिळत नाहीत.

ट्रंपेटला तीन कळा असतात. कळ दाबली की नळीचा जादा तुकडा जोडला जातो, हवेचा स्तंभ लांबतो आणि स्वर उतरतो. दुसरी कळ स्वर एका पट्टीने उतरवते, पहिली दोन पट्ट्यांनी आणि तिसरी तीन पट्ट्यांनी. येथे पट्टी म्हणजे पेटीवरील लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधील अंतर. आता हिशेब करा :

दुसरी – १. पहिली – २. तिसरी – ३. दुसरी व तिसरी – ४. पहिली व तिसरी – ५. तिन्ही – ६.

‘सा’ ते ‘प’ हे अंतर सात पट्ट्यांचे. म्हणजे मधले स्वर सहा. ‘प’पासून एकेक पट्टी उतरत गेलो तर सहा पायऱ्या कळांनी मिळतात. सातव्या पायरीचा ‘सा’ कळा न दाबता मिळतोच. तीन कळा अगदी पुरेशा आहेत! ही युक्ती जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. आपल्या गावचा बॅण्डवाला वरातीत चालता चालता हा हिशेब बोटांनी करीत असतो.

करून पाहा

कागदी किंवा प्लॅस्टिकची पेय पिण्याची नळी घ्या. तिचे एक टोक चपटे करून कात्रीने त्रिकोणी टोकदार कापा. हे टोक ओठांत धरून जोराने फुंका. थोड्या प्रयत्नांनी सनईसारखा आवाज निघेल. आता दुसऱ्या टोकाकडून नळी थोडी थोडी कापत जा आणि दर वेळी स्वर ऐका. तो चढतो की उतरतो? का?

विचार करा

१. ध्वनीचा वेग तापमानाच्या दर अंशाला सेकंदास सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पहाटे जुळवलेली सनई मे महिन्याच्या दुपारी चढी वाजेल की उतरी?

२. ट्रंपेटच्या कळांच्या एकूण जोड्या आठ होतात (एकही न दाबणे धरून). पण वेगळे स्वर सातच का मिळतात?

अलीकडे पुष्कळ वरातींत बॅण्डऐवजी ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. आवाज मोठा होतो, पण वाजवणारी बोटे आणि फुंकर दिसत नाही. सनई फुंकणारे आणि ट्रंपेट वाजवणारे हात कमी झाले, तर वर्षानुवर्षे कमावलेली विद्याही त्यांच्याबरोबर जाईल. म्हणून पुढच्या लग्नात बॅण्डमागे नुसते नाचू नका. बॅण्ड विसावला की ट्रंपेटवाल्या काकांना नमस्कार करून कळा दाबून दाखवायला सांगा. मग एखादी सिंफनी ऐका. शंभर वाद्यांच्या गर्दीतही ओळखीचा आवाज तुमचा कान बरोबर शोधून काढील.