वार, मीटर आणि विद्युतप्रभार

आपल्या देशात वजने व मापे यांसंबंधीचा कायदा १९५६ साली संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. वाराने विकले जाणारे कापड मीटरने विकले जाऊ लागले. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. तेव्हा ९ रुपये १४ पैसे वार या भावाचे कापड मीटरमागे किती रुपयांना विकावयाचे? ०.९१४४ ने गुणले तर उत्तर येते ८ रुपये ३६ पैसे, आणि भागले तर सुमारे १० रुपये. मीटर वारापेक्षा मोठा. म्हणून मीटरचा भावही अधिकच असला पाहिजे. अर्थात भागाकार बरोबर, गुणाकार चूक.

कापडाच्या दुकानातील हा हिशेब पदार्थविज्ञानाच्या वर्गातही उपयोगी पडतो. तारेसारख्या लांबट वस्तूवर विद्युतप्रभार पसरलेला असेल, तर एकक लांबीवर असलेल्या प्रभाराला रेषीय विद्युतप्रभार घनता असे म्हणतात. हाही एक प्रकारचा भावच होय. रुपयांच्या जागी कूलोम आणि कापडाच्या जागी तार, एवढाच फरक. १७८५ साली पीळ-तराजूच्या साहाय्याने विद्युतप्रभारांमधील बल मोजणारे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम यांचे नाव या एककाला दिलेले आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत रेषीय घनता कूलोम प्रति मीटर या एककात सांगतात.

चूक कोठे होते?

सेंटिमीटरचे मीटर करताना १०० ने भागावयाचे, हे प्राथमिक शाळेपासून विद्यार्थ्यांच्या मनावर ठसलेले असते. परंतु कूलोम प्रति सेंटिमीटर या एककात लांबी छेदस्थानी आहे. एका सेंटिमीटरवर १ कूलोम प्रभार असेल, तर १०० सेंटिमीटरवर, म्हणजेच एका मीटरवर, १०० कूलोम असणार. तेव्हा येथे १०० ने गुणावे लागते. एकक मोठे झाले की लांबीचा आकडा लहान होतो, दराचा आकडा मात्र मोठा होतो.

पुढील कोष्टक याच नियमाने तयार झाले आहे :

१ कूलोम प्रति सेंटिमीटर = १०० कूलोम प्रति मीटर
१ कूलोम प्रति इंच = ३९.३७ कूलोम प्रति मीटर
१ मायक्रोकूलोम प्रति मीटर = ०.०००००१ कूलोम प्रति मीटर
१ अ‍ॅबकूलोम प्रति सेंटिमीटर = १,००० कूलोम प्रति मीटर

शेवटच्या ओळीत दोन पायऱ्या आहेत. अ‍ॅबकूलोम हे जुन्या पद्धतीतील एकक १० कूलोमांचे असते. म्हणून अंशस्थानी १० ने गुणावयाचे. छेदातील सेंटिमीटरचा मीटर करण्यासाठी पुन्हा १०० ने गुणावयाचे. अंश आणि छेद यांचे परिवर्तन असे निरनिराळे करावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

एका चुकीची किंमत

समजा, एका तारेवर ०.०५ मायक्रोकूलोम प्रति सेंटिमीटर इतका प्रभार आहे. म्हणजेच ५ मायक्रोकूलोम प्रति मीटर. तार सरळ, फार लांब व एकटी आहे असे धरले, तर तिच्यापासून १ मीटर अंतरावर विद्युतक्षेत्राची तीव्रता ९०,००० व्होल्ट प्रति मीटर येते. एखाद्याने गुणण्याऐवजी १०० ने भागले, तर घनता दहा हजारपटीने कमी होऊन तीव्रता अवघी ९ व्होल्ट प्रति मीटर येईल. पहिला आकडा सावध करणारा, तर दुसरा निर्धास्त करणारा.

हे आकडे केवळ पुस्तकी नव्हेत. चंद्रपूर ते पडघे या ७५२ किलोमीटर लांबीच्या, ५०० किलोव्होल्ट दाबाच्या एकदिश विद्युतवाहिनीसारख्या तारांवर दर मीटरला काही मायक्रोकूलोम प्रभार असतो. तो ५ मायक्रोकूलोम धरला, तर एका ध्रुवाच्या संपूर्ण लांबीवर सुमारे ३.७६ कूलोम होतो.

घनतेचे एकक चुकल्यास काय घडते, याचा एक दाखला विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ प्रवासी विमानाचे इंधन आकाशातच संपले. प्रश्न इंधनाच्या घनतेचा होता. एका लिटरचे वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम, हिशेबात मात्र १.७७ हा आकडा घेतला गेला. तो पौंड प्रति लिटरचा होता. परिणामी गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले आणि ६९ जणांचे प्राण वाचले. गुणाकार बिनचूक होता. चुकले होते ते एकक.

म्हणून आकड्यापुढे एकक लिहिल्यावाचून गणित पुढे नेऊ नये, आणि उत्तर आल्यावर कापडाच्या दुकानातला प्रश्न स्वतःला विचारावा : माप मोठे झाले, मग भाव वाढला का? शिक्षकांनी ही सवय विद्यार्थ्यांना आरंभापासून लावली, तर कोष्टके पाठ करण्याचे ओझे पुष्कळ हलके होईल. आणि त्यांतील काही विद्यार्थी उद्या विद्युतवाहिन्यांची आखणी करू लागतील, तेव्हा त्या तारांखालून जाणाऱ्यांची सुरक्षितताही याच सवयीवर अवलंबून राहील.