एका खोलीत मुलांचा मुक्काम

प्रश्न : मी आणि पत्नी दीड वर्षापासून वेगळे राहतो. घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आईकडे असतात, रविवारी चार तास मला भेटतात. धायरीत भाड्याच्या वन आरकेत मी एकटाच राहतो. मुलांनी शनिवारी मुक्कामाला यावं असं वाटतं. पत्नी म्हणते, एवढ्याशा जागेला कोर्ट परवानगीच देणार नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही. मुक्कामासाठी अमुक चौरस फूट जागा किंवा वेगळी बेडरूम हवी, असं कायद्यात कुठेही नाही. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर कलम २६ नुसार दावा चालू असतानाच अंतरिम अर्ज करता येतो. तिथे बघतात ते मुलांचं हित. आई आणि वडील दोघांचा सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितलं आहे.

तरी पत्नीची काळजी उडवून लावू नका. मुलगी वयात येण्याच्या उंबरठ्यावर आहे. तिला कपडे बदलायला आडोसा, आतून कडी लागणारं न्हाणीघर, स्वतःची गादी हवीच. मुलं खोलीत आणि तुम्ही स्वयंपाकघरात झोपणार, हे अर्जात स्पष्ट लिहा, फोटो जोडा. भाडेकरारात पाहुण्यांच्या मुक्कामाला मनाई असेल तर घरमालकाचं संमतीपत्र आधी घ्या. अर्ज अशा बारीक गोष्टींवर अडतो.

मागणी लहान आणि नेमकी ठेवा : महिन्यातून दोन शनिवार, किती वाजता न्यायचं, रविवारी किती वाजता पोचवायचं. ते सुरळीत झालं की दिवाळीची, मे महिन्याची सुटी मागा. अर्ज करण्याआधी न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांकडे दोघांनी बसावं, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे जमलं तर लेखी संमती न्यायालयात दाखल करून आदेश घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या भांडणात मोडतं.

मुक्काम नाकारला गेला तरी मुलांचा खर्च थांबवू नका. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. न्यायाधीश मुलीशी स्वतः बोलू शकतात. तिला काय सांगायचं ते पढवू नका. ती सध्या नको म्हणाली, तर रविवारचे चार तास वाढवून दिवसभर मागा, आणि मुक्कामाचा अर्ज काही महिन्यांनी पुन्हा करा.