बाळाची दंतवैद्याशी पहिली भेट

दुधाचे दात पडण्यासाठीच येतात, मग त्यांची एवढी काळजी कशाला, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. परिणामी मूल दंतवैद्याकडे प्रथम जाते ते गाल सुजल्यावर किंवा रात्रभर रडून काढल्यावर. त्या वेळी जडलेली भीती पुढे कित्येक वर्षे टिकते. म्हणून पहिली भेट दुखणे सुरू होण्यापूर्वीच झाली पाहिजे. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, ही त्यासाठी योग्य वेळ होय.

दुधाचे दात एकूण 20 असतात. सुमारे सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात दिसू लागतात व तीन वर्षांपर्यंत सर्व दात येतात. मात्र शेवटची दुधाची दाढ पडते ती अकराव्या-बाराव्या वर्षी. तोपर्यंत घास चावणे, शब्द स्पष्ट उच्चारणे आणि कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवणे ही कामे हेच दात करतात. त्यांच्यावरील कठीण कवच पातळ असल्यामुळे कीड लवकर आत शिरते. मुळाशी पू झाल्यास त्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते.

तान्ह्या मुलांच्या दातांना कीड लागण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून त्यांना झोपविणे. झोपेत लाळ कमी सुटते व दूध दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांवर जिभेचे आच्छादन असते, त्यामुळे वरचे पुढचे दात प्रथम किडतात. कीड निर्माण करणारे जंतू बहुधा मोठ्यांच्याच लाळेतून, उष्ट्या चमच्यावाटे, बाळाकडे येतात. तेव्हा आईने स्वतःच्या दातांवर उपचार करून घेणे हाही बाळाच्या काळजीचाच भाग होय. छत्तीसगढमध्ये तंबाखू व गुळाच्या काकवीपासून केलेला गुडाखू दातांना चोळण्याची सवय अनेकांना आहे. तो बाळाच्या हिरड्यांना कधीही लावू नये.

भिलाईचेच उदाहरण घेऊ. सोव्हिएत संघाशी 1955 साली झालेल्या करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती सेक्टरांचे नगर वसले. देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली. सेक्टर 9 मध्ये कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. शहरात दंतवैद्यक महाविद्यालयही आहे. अशा शहरात अडचण असते ती बहुधा वेळेवर आठवण होण्याची. राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नवव्या ते बाराव्या महिन्यात दिला जातो. त्याच सुमारास दात तपासून घेण्याचा नेम ठेवल्यास ही भेट राहून जाणार नाही.

ही तपासणी अगदी साधी असते. आई व दंतवैद्य गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. आईकडे तोंड करून बसविलेल्या बाळाला हळूच मागे निजवून त्याचे डोके दंतवैद्याच्या मांडीवर ठेवतात. बाळ रडल्यास घाबरून जाऊ नये. तोंड उघडल्याने दात नीट दिसतात. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या अवस्थेत आहारात बदल करून व दातांवर फ्लोराइडचा लेप देऊन कीड थांबविता येते.

घरी पहिल्या दातापासूनच मऊ ब्रशने, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन, दिवसातून दोनदा दात स्वच्छ करावेत. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात. परंतु जोराचा ताप किंवा जुलाब हे दातांमुळे होतात असे मानून स्वस्थ बसू नये. अशा वेळी बाळाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. आणि ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक मुलाला कधीही घालू नये. ज्यांच्याकडे त्याला पुढे विश्वासाने जावयाचे आहे, त्यांचीच भीती त्याच्या मनात आपण घालून ठेवतो.