घराचा नकाशा आणि उन्हाची दिशा

कापडाचा रंग पारखायचा असेल तर आपण थान उचलून उत्तरेच्या खिडकीशी नेतो. ट्यूबलाइटखाली काळा वाटणारा कपडा तिथे गर्द निळा निघतो. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा असतो आणि त्यात ऊन फार थोडे. ही गोष्ट दुकानातल्या नव्या पोऱ्यालाही ठाऊक असते. पण तोच व्यापारी घर बांधायला निघाला की हा इल्म दुकानातच ठेवून येतो.

माझ्याकडूनही हेच झाले. प्लॉटचे तोंड पश्चिमेला. रस्त्यावरून घर शोभून दिसावे म्हणून त्याच बाजूला मोठ्या काचा बसविल्या. पहिल्याच एप्रिलात दुपारी तीननंतर त्या खोलीत बसणे कठीण झाले. मग जाड पडदे लावले आणि भरदिवसा दिवे लावायची पाळी आली. काचेचा खर्च एकदाच झाला, विजेचे बिल मात्र दरमहा येत राहिले.

याउलट अहमदाबादची दोन घरे पाहा. ती वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांची. १९६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत कमी खर्चाच्या घरांच्या स्पर्धेत त्यांच्या 'ट्यूब हाऊस'ला पहिले बक्षीस मिळाले. रुंदी सुमारे १२ फूट, लांबी सुमारे ६० फूट, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या अरुंद प्लॉटसारखेच. छत उतरते ठेवले. गरम हवा छताच्या उतारालगत वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. हे नमुना घर पुढे पाडले गेले, पण युक्ती आजही उपयोगी आहे.

दुसरे पारेख यांचे खासगी घर, १९६८ च्या सुमाराचे. तिथे पूर्व-पश्चिम उन्हाचा त्रास होता. कोरियांनी घराचे तीन पट्टे केले. उन्हाळ्याच्या दुपारी वापरायचा भाग मध्ये घेतला. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, तर दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात आणि सकाळ-संध्याकाळी बसायचा, आकाशाकडे खुला भाग. थान जसे बारदानात गुंडाळतात तसा मधला भाग झाकला गेला.

आपल्याकडे हिशेब असा. दक्षिणेचे ऊन सोपे असते. मालेगाव-भिवंडीकडे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य सुमारे ७० अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल तर त्याची सावली साधारण साडेपाच फूट खाली येते व खिडकी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य ४७ अंशांच्या आसपास उतरतो, सावली दोन-सव्वादोन फुटांवर थांबते आणि हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेचा सूर्य मात्र आडवा येतो. त्याला छज्जा अडवू शकत नाही. तिथे खोल व्हरांडा, उभी जाळी, झाड, नाहीतर जिना आणि न्हाणीघर हवे.

पडद्याची अडचण पुष्कळ जण सांगतात. रस्त्याकडे खिडकी नको, म्हणून खोल्या अंधाऱ्या ठेवतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी याचा तोड सहनात काढला होता. मध्ये आठ-दहा फुटांची उघडी जागा सोडली तर उजेडही येतो, हवाही येते आणि परदाही राहतो. घरी बसून जरीकाम, शिलाई करणाऱ्या आपल्या आया-बहिणींच्या डोळ्यांसाठी हा उजेड म्हणजे चैन नव्हे, ती रोजीची गरज आहे.

म्हणून नकाशा मंजूर करण्यापूर्वी चार गोष्टी करा :

१) सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्लॉटवर उभे राहून ऊन आणि वारा कुठून येतो ते पाहा.
२) शेजारची इमारत किती वाजता सावली टाकते ते लिहून ठेवा.
३) कामाची खोली उत्तरेला मागा.
४) गरम हवा वरून कुठे निघेल हे विचारा.

कागदावरची रेघ रबराने पुसता येते. भिंत उभी राहिल्यावर घण लागतो, आणि त्याची मजुरी आपल्याच खिशातून जाते.