शतकोटींतील उरलेले माप

चाकणच्या पश्चिमेस कारखान्यांची रांग जेथे संपत येते, तेथे भामचंद्र नावाचा एक डोंगर उभा आहे. पायथ्याशी मालमोटारींची अखंड वर्दळ असते. यंत्रांचा घरघराट वाऱ्याबरोबर वर येतो. परंतु डोंगराच्या कुशीतील दगडात खोदलेल्या गुहांपाशी पोहोचले, की तो आवाज मंदावतो. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी देहू गावचा एक वाणी येथे येऊन एकटाच बसत असे. त्याचे नाव तुकाराम.

तुकोबांच्या घराण्यात महाजनकी होती, पेठेत दुकान होते आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेली विठ्ठलाची उपासना होती. आईवडील गेले आणि मागोमाग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. दुकान बुडाले. पहिली पत्नी अन्न अन्न करीत मरण पावली. लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली. या साऱ्या गोष्टी तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवल्या आहेत, आणि त्या सांगताना त्यांनी कोठेही आडपडदा ठेवलेला नाही.

याच अभंगात आपण लिहिते कसे झालो, हेही ते सांगतात. देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी प्रथम दुरुस्त केले. पुढे एकादशीला कीर्तन करू लागले. परंतु आरंभी अभ्यासात चित्त रमत नव्हते. म्हणून त्यांनी पूर्वीच्या संतांची काही वचने श्रद्धेने पाठ केली. दुसरे कोणी पुढे उभे राहून गात असले, की हे मागे उभे राहून ध्रुपद धरीत. आज ज्यांचे अभंग हजारो मुखांनी गायिले जातात, त्यांनी कित्येक दिवस दुसऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, हे अनेकांस ठाऊक नसते!

मग ते स्वप्न पडले. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि त्यांनी तुकोबांना जागे केले. कविता कर, व्यर्थ बोलण्यात वाणी दवडू नको, अशी त्यांनी आज्ञा केली. विठ्ठलाने पाठीवर थाप मारून सावध केले. आज्ञेबरोबर एक संख्याही सांगण्यात आली. शतकोटी अभंग रचण्याचा नामदेवांचा संकल्प होता, त्यांतील जे उरले ते तुकोबांनी पुरे करावयाचे. या ठिकाणी तुकोबा 'माप' हा शब्द वापरतात. धान्य मोजणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी तो सहज शोभतो.

शतकोटी म्हणजे शंभर कोटी. एकावर नऊ शून्ये. दिवसरात्र न झोपता, न जेवता, दर मिनिटाला एक याप्रमाणे अभंग रचले, तरी ही संख्या पुरी होण्यास सुमारे एकोणीसशे वर्षे लागतील. नामदेवांच्या घरी आईपासून जनाबाईपर्यंत सर्वांनी मिळून या कामाला हात लावला, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात; तरीही ते अपुरेच राहिले. नामदेव १३५० साली समाधिस्थ झाले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी देहूच्या एका दिवाळे निघालेल्या वाण्याने ते उरलेले माप आपल्या अंगावर घेतले. हिशेबात मुरलेल्या माणसाला त्या संख्येचा अर्थ कळला नसेल, हे संभवत नाही. आपल्या हातून हे माप भरणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी ते घेतले.

घेतले, आणि रोजच्या रोज चालविलेही. देहूजवळचा भंडारा डोंगर आणि त्याच्या पलीकडचा भामचंद्र ही त्यांची एकांताची ठिकाणे. सकाळी जावे, दिवसभर वाचन-मनन करावे, सायंकाळी गावात येऊन कीर्तनाला उभे राहावे, असा क्रम परंपरेने वर्णिला आहे. त्यांची दुसरी पत्नी जिजाई दुपारी भाकरी घेऊन उन्हातून डोंगर चढे आणि वाटेत विठ्ठलाला चार शब्दही सुनावी. तिला बोल लावणे सोपे आहे. पण घरात लेकरे होती आणि पैसा नव्हता. संकल्प एकाने केला. त्याचे ओझे मात्र दोघांनी वाहिले.

इंद्रायणीत तुकोबांचे कागद दोनदा बुडाले. पहिल्या वेळी त्यांनी ते आपण होऊन बुडविले. वडिलांच्या वेळची कर्जखते घरात होती. धाकटा भाऊ कान्होबा याला त्याचा अर्धा वाटा देऊन उरलेली खते त्यांनी नदीत सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. दुष्काळाने पिचलेल्या कितीतरी कुळांच्या डोक्यावरचा भार त्या दिवशी उतरला असेल.

दुसऱ्या वेळी बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या. ब्राह्मणेतराने धर्माचे ज्ञान सांगावे, तेही प्राकृत भाषेत, हे काही शास्त्री मंडळींना मान्य नव्हते. वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे त्यांच्यात प्रमुख होते, असे परंपरा सांगते. वह्या नदीत बुडविण्याची आज्ञा झाली. कर्जाची खते सोडून देणारा हात या वह्या सोडताना किती जड झाला असेल! या आघाताने चित्त दुखावले, असे तुकोबा स्वतः म्हणतात. ते नदीकाठी धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून गेले आणि वह्या पाण्यावर कोरड्या तरंगून आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. देवाने पाण्यात कागद राखले, असे तुकोबांच्या अभंगातही आहे. कित्येक अभ्यासक असे म्हणतात, की ते अभंग तोपर्यंत लोकांना मुखोद्गत झाले होते. कागद बुडाला तरी शब्द बुडणे शक्य नव्हते. पुढे रामेश्वर भट्ट तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली.

चाकणचा संबंध केवळ डोंगरापुरता नाही. संताजी जगनाडे हे चाकणचे तेली. घाण्यावर तेल काढावे आणि ते विकावे, हा त्यांचा व्यवसाय. तुकोबांचे कीर्तन ऐकून ते त्यांच्या चौदा टाळकऱ्यांत सामील झाले आणि अभंग लिहून घेऊ लागले. कडूसचे गंगाधरपंत मवाळ हेही असेच एक लेखक. कीर्तनाच्या भरात शब्द एकदा उच्चारला, की तो वाऱ्यावर जातो. तो पकडून बोरूने कागदावर उतरविणे हे काम गाण्याहून कमी कष्टाचे नसते, आणि त्यासाठी टाळ्याही कोणी वाजवीत नाही. संताजींची समाधी चाकणपासून जवळच सुदुंबरे येथे आहे.

१६५० साली तुकोबांचे प्रयाण झाले. त्यांच्या अभंगांची गाथा सरकारी साहाय्याने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापली गेली. तीत निरनिराळ्या वह्या पडताळून घेतलेले साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. पुढे विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वहीवरून अभंगांचा एक स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध केला. त्या वहीतील काही शब्दांची रूपे बोलण्यातल्यासारखी, साधी आहेत. चाकण-देहूच्या बाजूस लोक त्या काळी कसे बोलत असतील, याची ती अजून साक्ष देतात.

दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्काम करते. वाटेवर आता शेतांच्या जागी कारखान्यांच्या भिंती आहेत. पाळी संपवून बाहेर पडणारे कामगार फाटकाशी थांबतात, डबा खांद्याला अडकवून टाळ्या वाजवितात. दिंडीतील एखाद्या म्हाताऱ्याला अभंगाचा पुढचा चरण आठवत नाही, तेव्हा मागून कोणीतरी ध्रुपद धरतो.